ड्रॉवरच्या मागे श्री

आशालताला एक वाईट खोड लागली होती. कोणाच्याही घरी गेली, की सोफ्यावर टेकायच्या आधी ती स्वयंपाकघरात शिरायची आणि चमच्यांचा ड्रॉवर उघडायची. नुसता उघडायची नाही. पार पुढे ओढून मागच्या फळीपर्यंत हात घालायची आणि बोटांनी चाचपून बघायची. ऑकलंडच्या मराठी मंडळींत याचा बराच बोलबाला झाला होता. ‘आशाताई येणार आहेत, ड्रॉवर आवरून ठेव,’ असं बायका एकमेकींना फोनवर सांगायच्या. तिचा नवरा शिरीष तर दारातच यजमानांना सांगून मोकळा व्हायचा, “हिची तपासणी होऊन जाऊ दे, मग चहाचं बघू.”

लोकांच्या ड्रॉवरात हात घालणं बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण तिची नऊ किचनं हरवली होती. ती फ्लॅट बुश या उपनगरातल्या नव्या घरांतच कुठेतरी बसवली गेली असणार, एवढंच तिला ठाऊक होतं. आणि आपली मंडळी तर सगळी तिथेच घरं घेत सुटली होती. मग हात घालून बघायला काय हरकत आहे?

ही किचनं हरवली कशी, ते सांगायचं तर चिंचवडपासून सुरुवात करावी लागेल. तिथे तिच्या वडिलांचा, अण्णांचा, फर्निचरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, करवतीची मशीनं आणि सात-आठ माणसं. आशालता लहानपणी शाळेतून घरी न जाता तिथेच जायची आणि भुशाच्या ढिगावर बसून गृहपाठ करायची. दसऱ्याला अण्णा स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढायचे. मग मशीनं पुसायची, हळदकुंकू, फुलं वाहायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. एखादं गिऱ्हाईक अडून बसलं तर अण्णा म्हणायचे, “वर्षभर राबतात बिचारी. आज त्यांची सुट्टी आहे, उद्या या.” गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला उद्याच यावं लागायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला अण्णांनी जावयाला मोठ्या हौसेनं पूजेला बोलावलं. शिरीष तेव्हा नुकताच इंजिनियर झालेला. तो पँटच्या खिशात हात घालून दारातच उभा राहिला आणि हसत म्हणाला, “मशीनला काय कळतंय, अण्णा? त्याला तेल पाजा, कुंकू कशाला?” अण्णांनी कुंकवाची वाटी आपल्याकडे ओढून घेतली. पूजा त्यांनीच केली. शिरीष मनानं वाईट नव्हता, वय वाईट होतं. पण आशालताच्या मनात ते खिशातले हात कायमचे राहिले. पुढे अण्णा गेले, भावांनी कारखाना विकला, तिथे आता गाड्यांचं शोरूम झालं आहे.

न्यूझीलंडला ती शिरीषच्या नोकरीपायी आली. त्याचं ऑफिस ऑकलंडमध्येच, माउंट वेलिंग्टन भागात होतं. तिलाही एका किचन बनवणाऱ्या कंपनीत ड्रॉइंगचं काम मिळालं. पुढे मंदीत ती कंपनी गुंडाळली गेली आणि २०११ साली, लोक नातवंडांची स्वप्नं बघतात त्या वयात, आशालतानं माउंट वेलिंग्टनलाच एक शेड भाड्यानं घेतली. शिरीष नको म्हणायला म्हणून सोबत गेला. ती मात्र त्या रिकाम्या शेडमध्ये शिरली, भिंतीवरचा मेन स्विच शोधून काढला आणि दोनदा खालीवर करून बघितला. तिचा चेहरा बघून शिरीषनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

जुन्या कंपनीतला सिओने तिच्याकडे आला. मूळचा टोंगाचा, पन्नाशीचा, दारातून वाकून येणारा माणूस. करवतीवर त्याचा हात बसलेला आणि गळाही तसाच. रविवारी चर्चमध्ये गायचं ते तो सोमवारपासून शुक्रवारपर्यंत शेडमध्ये गाऊन घ्यायचा. हिशेबाचं बघायला ट्रेव्हर नावाचे म्हातारे अकाउंटंट होते. पहिलाच बिल्डर मिळाला, डॅरिल त्याचं नाव, तेव्हा ट्रेव्हरनी आशालताला समोर बसवून समजावलं.

“तू कपाटं डॅरिलच्या शेडमध्ये टाकणार, आणि पैसे येणार ती घरात बसल्यावर. मधल्या काळात तो बुडाला तर बँक म्हणेल, शेडमधलं सगळं आमचं. म्हणून सरकारी रजिस्टरवर नोंद करायची, की पैसे मिळेपर्यंत हा माल माझा. ही नोंद पाच वर्षं टिकते. संपायच्या आत ती पुढे वाढवायची. एकदा संपली की शेडमध्ये असलेल्या मालासाठी तू रांगेत सगळ्यांच्या मागे.”

“आणि कपाट भिंतीला बसवलं की?”

“मग ते घराचं झालं. पूर्वी लीन म्हणून एक सोय होती. माल लावणाऱ्याला थेट त्या जमिनीवरच हक्क सांगता यायचा. ते सत्त्याऐंशी साली गेलं. पण त्यालाही मुदत होतीच, आशा. आपल्या धंद्यात माल उशिरा पोचला तर लोक चालवून घेतात, कागद उशिरा पोचलेला चालत नाही.”

आशालतानं ते मनावर घेतलं. पाच वर्षांत तिची एकही मुदत चुकली नाही.

ती पाच वर्षं! त्यांच्याबद्दल बोलायला लागली की आशालताला अजूनही थांबवावं लागतं. हिवाळ्यात सकाळी शेडचं शटर वर करताना बोटं बधिर व्हायची. आत कापलेल्या फळ्यांचा, गोंदाचा आणि सिओनेच्या कॉफीचा मिळून एक वास असायचा. तसा वास तिला पुन्हा कुठे आला नाही. शुक्रवारी दुपारी फिश अँड चिप्स, त्यावर तिनं घरून आणलेली लसणाची चटणी. सिओने ती चटणी नुसती खायचा आणि “स्वीट अ‍ॅज, आंटी,” म्हणजे एकदम झकास, असं म्हणत डोळे पुसायचा. शिरीष ऑफिस सुटलं की टाय काढत तिकडेच यायचा, झाडू मारायचा आणि झाडू मारता मारता सगळ्यांना अक्कल शिकवायचा.

प्रत्येक किचन बाहेर पडताना चमच्यांच्या ड्रॉवरच्या मागच्या फळीवर एक खूण करायची, ही अण्णांची पद्धत. अण्णा स्वस्तिक काढायचे. शिरीष म्हणाला, “बाई गं, इथे ते नको. लोक पोलिसांना बोलावतील.” मग आशालता सुताराच्या जाड पेन्सिलीनं दाबून ‘श्री’ लिहायला लागली. पेन्सिल इतकी दाबायची, की लाकडात उमटलेली खाच बोटाला लागायची.

आणि दसरा. ऑकलंडात त्या दिवसांत झेंडू मिळण्याची मारामार, म्हणून शेजारच्या बाईंच्या वाफ्यातली पिवळी कॅलेंड्युला आणायची. सिओनेला आधी वाटलं, काहीतरी अपघात झालाय म्हणून फुलं वाहतायत. कारण कळल्यावर मात्र तो बाहेर जाऊन आपला ट्रक धुऊनच आला. “आंटी, ही पण वर्षभर राबते.” ट्रकलाही कुंकू लागलं. आशालता मेन स्विच खाली ओढायची आणि एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकदम शांत व्हायचं. शिरीष दारात उभा राहून दरवर्षी तेच म्हणायचा, “मशीनला काय कळतंय?” हात अजून खिशातच.

२०१६चा ऑक्टोबर आला. त्या वर्षी पाऊस हटायला तयार नव्हता, डॅरिलची फ्लॅट बुशची घरं रखडली होती, आणि नऊ किचनं तयार होऊन त्याच्या शेडमध्ये वाट बघत पडली होती. आशालताची अर्ध्या वर्षाची मेहनत होती ती. फळ्यांच्या व्यापाऱ्याची उधारी त्यातूनच फिटायची होती. डॅरिलच्या नावावरची नोंदही त्याच मंगळवारी संपत होती, आणि तो मंगळवार नेमका दसऱ्याचा. आशालता ती नोंद शनिवारी-रविवारी निवांत वाढवून टाकणार होती. पण शुक्रवारी पामर्स्टन नॉर्थहून जावयाचा फोन आला. मुलगी कौमुदी तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होती आणि आता तिथेच बाळंतपणाला दाखल झाली होती, दिवस भरायच्या आधीच. आशालता मिळेल त्या विमानानं निघाली.

विमानतळावर तिनं शिरीषला बजावलं, “मंगळवारी सुट्टी काढ. वर्कशॉपचा कॉम्प्युटर उघडायचा, नोंदीचा नंबर आणि पिन त्यातच आहे, दुसरीकडे कुठे नाही. पाच मिनिटांचं काम.”

“आणि पूजा?”

“पूजा राहू दे या वर्षी.”

“बरं,” शिरीष म्हणाला.

मंगळवारी पहाटे कौमुदीला मुलगी झाली. दुपारी आशालता हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये खिडकीशी चहा घेऊन बसली होती. फोन वाजला. शिरीषनं फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘आजोबा झाल्याबद्दल. सगळं तुझ्यासारखंच केलंय. एकही मशीन सुटलं नाही.’

फोटो सिओनेनं काढलेला असणार. शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर शिरीष मांडी घालून बसला होता. अंगात लग्नकार्यातला झब्बा. गुडघे दुखतात म्हणून जेवायलाही खाली न बसणारा माणूस. समोर करवत, ड्रिल, कॉम्प्रेसर, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर पिवळी फुलं. मेन स्विच खाली ओढलेला. मधोमध ऑफिसातला कॉम्प्युटर आणून ठेवला होता, त्याच्या काळ्या पडद्यावर कुंकवाचं बोट उठलं होतं. आणि शिरीषचे दोन्ही हात जोडलेले होते.

आशालताला एका दमात दोन गोष्टी कळल्या. नोंद झालेली नाही, ही पहिली; झाली असती तर त्यानं आधी तेच कळवलं असतं. नातीच्या आनंदात आणि पूजेच्या धांदलीत तो ती साफ विसरला होता. अजून अख्खी दुपार हातात होती. तिनं ‘कॉम्प्युटर’ एवढं लिहिलं. मग पुन्हा फोटोकडे बघितलं आणि तो शब्द पुसला.

काय लिहिणार होती ती? कुंकू पूस, फुलं काढ, स्विच वर कर? आणि दुसरी गोष्ट, चिंचवडच्या त्या दारात उभा असलेला मुलगा एवढ्या वर्षांनी आत येऊन बसला होता. त्याला ऊठ म्हणायचं तिच्या जिवावर आलं. अण्णांनी तरी म्हटलं असतं का? डॅरिलचं चांगलं चाललं होतं, त्याची गाडी नवीकोरी होती. एका दिवसानं काय जग बुडतंय, उद्या नवी नोंद करू. तिनं लिहिलं, ‘छान झालीय पूजा.’ आणि मग तिला रडूच आलं. एक नर्स थांबली, तिला वाटलं नातीसाठीच रडतेय.

बुधवारी सकाळी शिरीषचा फोन आला. त्याचा आवाज फाटला होता. “आशा, अगं, ती नोंद! राहिलीच!”

“माहीत आहे. फोटो बघितला तेव्हाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बसला होतास.”

 मग दोघांनी मिळून फोनवरून नवी नोंद केली. ती पुढच्या मालाला लागू होती. शेडमधल्या नऊ किचनांना तिचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी आता बँक पुढे होती. दोघांनाही ते कळत होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला डॅरिलचा फोन लागेनासा झाला. आशालता त्याच्या शेडवर गेली तर कुलूप बदललेलं होतं. बँकेनं नेमलेला तरुण मुलगा अगदी अदबीनं बोलला, “कीया ओरा” असा माओरी नमस्कार केला, तिची कागदपत्रं वाचली आणि म्हणाला, “तुमची जुनी नोंद संपलीय. आय अ‍ॅम सॉरी.” त्याच्या खांद्यावरून तिला आपली किचनं दिसत होती, पुठ्ठ्यात गुंडाळलेली, एकावर एक रचलेली. हात लावायची सोय नव्हती.

त्या रात्री शिरीष म्हणाला, “एवढं महाग कुंकू अख्ख्या ऑकलंडात कोणी लावलं नसेल.” आशालता आधी हसली आणि मग जेवण टाकून उठली. त्यानंतर ‘तू विसरला नसतास तर’ असं ती कधी म्हणाली नाही आणि ‘तू बोलली असतीस तर’ असं तो कधी म्हणाला नाही. त्या उन्हाळ्यात दोघं टोस्टरवरून भांडली, पडद्यांवरून भांडली, कोपऱ्यावरच्या डेरीतून दूध कोणी आणायचं यावरून तर दोन दिवस अबोला झाला.

उधारी फेडायला मशीनं विकावी लागली. शेवटच्या दिवशी सिओनेनं त्याच्या भाषेत प्रार्थना म्हटली, गाऊन म्हटली. रिकाम्या शेडमध्ये ती फार घुमली. मग आशालतानं मेन स्विच खाली ओढला. या वेळी दसरा नव्हता. स्विचला हात तसाच ठेवून ती बराच वेळ उभी राहिली, शेवटी शिरीषनं हात धरून तिला बाहेर आणलं.

त्यानंतर ती एका शोरूममध्ये दुसऱ्यांच्या किचनांची ड्रॉइंगं काढायला लागली. पगार बरा होता, खुर्ची चांगली होती, आणि कसलाच वास नव्हता. ड्रॉवरमध्ये हात घालायची खोड लागली ती तेव्हापासूनची.

२०१९चा दसरा. शिरीषच्या ऑफिसात नव्यानं लागलेल्या वेदांतनं दोघांना संध्याकाळी सोनं द्यायला घरी बोलावलं. फ्लॅट बुशला घर, बायको श्रिया आयटीत. घर कसलं, एवढं प्रशस्त की हाक मारली तर उत्तर यायला वेळ लागावा. शिरीषनं दारातच नेहमीची सूचना दिली. श्रिया हसत आशालताला आत घेऊन गेली.

“बघा ना काकू. आम्ही हे घर खरं तर किचन बघूनच घेतलं. आधीचा बिल्डर बुडाला म्हणे, पण किचन काय मस्त केलंय!”

आशालतानं ड्रॉवर ओढला, हात मागे सरकवला. बोटाला खाच लागली. तिनं बोट फिरवलं. वेलांटी, मग रेघ. तिनं हात बाहेर काढलाच नाही. श्रिया बोलत होती, ते तिला ऐकू येत नव्हतं. ड्रॉवरात चमच्यांबरोबर रबरबँड होते, औषधाची अर्धी पाकिटं होती, कोपऱ्यात हळद सांडून डाग पडला होता. किती छान वापरलंय, असं तिच्या मनात आलं.

“हे एक दार तेवढं खाली लोंबतंय, काकू,” श्रिया म्हणाली. “वेदांत रोज म्हणतो, करतो करतो.”

“बिजागरीचा स्क्रू सैल झालाय. स्क्रूड्रायव्हर आहे का घरात?”

वेदांत दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं ओशाळं तोंड करून हॉलच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पाटावर त्याचा लॅपटॉप, श्रियाचा लॅपटॉप आणि हत्यारांची पेटी मांडलेली होती, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. “आईनं व्हिडिओ कॉलवर करून घेतली पूजा. पण काढून देतो ना, काकू. एका मिनिटाचं तर काम आहे. मशीनला काय कळतंय?”

शिरीष एकदम वळला. “नको,” तो म्हणाला, नको इतक्या मोठ्यानं. “हात लावू नकोस.” सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तसा त्यानं आवाज उतरवला. “आज त्यांची सुट्टी आहे. ही उद्या येईल.”

आशालतानं नवऱ्याकडे बघितलं.  एवढ्या वर्षांचं टोस्टरवरचं, पडद्यांवरचं भांडण तिथल्या तिथे मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच गेली. पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला, कपाळाला लावला, आणि बिजागरी आवळली. दार सरळ बसलं. श्रिया पर्स घेऊन आली.

“काकू, तुमचे किती झाले?”

आशालतानं तिचा हात धरला, ड्रॉवरपाशी नेला आणि आत मागपर्यंत घातला. “चाचपून बघ. काय लागतंय?”

श्रियानं डोळे मिटून बोट फिरवलं. “श्री? इथे कोणी लिहिलं?” मग तिनं डोळे उघडले आणि आशालताच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. “काकू, हे तुमचं आहे?”

“हो,” आशालता म्हणाली. “माझं आहे.”

मग तिनं खुर्ची ओढली, बसली आणि चहा टाकायला सांगितलं.